सेब्यालाच्या माईकवर नालोंगो

माझ्या धाकट्या मुलीला मागणी घालायला तिच्या सासरची माणसं आली, ते साल २००९. त्या समारंभासाठी माझी थोरली बहीण नालोंगो वोबुलेंझी गावी आमच्याकडे आली होती. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. जुळी झाल्यापासून तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. जुळ्यांतला धाकटा काटो तिच्याजवळ वाढला. थोरला वास्वा आमच्याकडच्या यादवी लढाईच्या वर्षांत, अंगावर पीत असतानाच, उडून गेला. जुळं मूल मेलं असं आमच्यात म्हणत नाहीत. तो कुठे उडाला, हे तिनं काटोला सव्वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं की उठून चूल फुंकायला जायची.

काटो आमच्याच गावात मोटरसायकलवर भाडी मारायचा. रविवारी दुपारी तो आणि त्याचे दोस्त माझ्या व्हिडिओ हॉलच्या पुढच्या बाकावर ठाण मांडायचे. त्यांना प्रेमाचे सिनेमे नकोत, मारामारीचेही नकोत. जग बुडाल्यानंतरचेच हवेत. ओस शहरं, आटलेल्या नद्या, माणसांवर पहारा ठेवणारी यंत्रं.

"इथं काय कमी हाल आहेत, की पुन्हा तेच बघता?" मी एकदा विचारलं.

"कोज्जा," काटो म्हणाला; मामाला आम्ही कोज्जा म्हणतो. "सगळं संपतं, तरी कुणीतरी चालत असतं. ते कसं चालतं ते बघायचं असतं."

"तुला गाडी ढकलताना आम्ही रोज बघतो," सेब्याला म्हणाला.

सेब्याला आमचा व्हीजे. सिनेमा इंग्रजीत चालायचा आणि तो पडद्याशेजारी बसून माईकवर आमच्या लुगांडा भाषेत सांगायचा. पडद्यावरच्या माणसांना तो आपल्यातलीच नावं द्यायचा. न्यूयॉर्कच्या पोलिसाला तो आमच्या खाटकाचं नाव देई आणि खाटकासकट सगळे हसत.

त्या रविवारी काटो आईला घेऊन आला. पडद्यावर करड्या धुळीनं भरलेलं शहर होतं. एक बाई पाठीला मूल बांधून त्यातून एकटी चालली होती. सेब्यालानं पाहुणीचा मान म्हणून तिला नाव दिलं, "ही बघा निघाली नालोंगो!"

मागून कुणीतरी ओरडला, "एकच पोर, आणि कसली नालोंगो? दुसरं कुठं टाकलं?"

हसू फुटलं आणि तिथंच विझलं. सेब्यालाचा हात माईकवर तसाच राहिला. "न्याबो, चुकलो," तो म्हणाला; मोठ्या बाईला आम्ही मानानं न्याबो म्हणतो.

नालोंगो उठली. मला वाटलं, ही आता बाहेर जाणार. ती पडद्याकडे गेली आणि तिनं त्याच्या हातून माईक घेतला.

"ही बाई मूर्ख आहे," ती म्हणाली. "ओस गावात रस्त्याच्या मधून कुणी चालतं का? भिंतीला धरून चालायचं. आणि नळ कसले बघतेस गं? केळीच्या खुंटात खळगा कर, सकाळी वाटीभर पाणी मिळेल."

कुणी हसलं नाही. बाई वळली की नालोंगो सांगायची, का वळली. बाई थांबली की सांगायची, काय ऐकू आलं असेल. साठ माणसं बसली होती, पण बाकसुद्धा करकरत नव्हतं. पडद्यावरचं शहर कुठलं, हे मी विसरलो. मला आमच्या जुन्या गावची वाट दिसत होती.

"दोन होते," ती म्हणाली. "एक पुढे, एक पाठीला. पाठीचा गाव ओस पडल्याच्या तिसऱ्या दिवशी उडाला. आमच्या जुन्या गावच्या झऱ्याच्या वर तीन खोडांचं मुतुबाचं झाड आहे. पुरताना गुंडाळायला सालीचं कापड नव्हतं, म्हणून ज्या झाडाच्या सालीपासून ते कापड बनतं त्याच्याच मुळाशी ठेवला. माती हातांनी ओढली. पुढचा रडत होता, म्हणून निघाले."

काटो पडद्याकडे बघत नव्हता.

तिनं सिनेमा शेवटपर्यंत सांगितला आणि माईक परत दिला. ती दारातून बाहेर पडताना पोरं बाजूला होऊन गुडघ्यांवर टेकली. आमच्यात मोठ्यांपुढे बायका गुडघे टेकतात. इतके पुरुष टेकलेले मी तेव्हाच पाहिले.

मंगळवारी काटो तिला मोटरसायकलवर मागे बसवून जुन्या गावच्या त्या झऱ्याकडे गेला. झाड उभं होतं. दोघं संध्याकाळपर्यंत तिथं बसून होती.

माझी बहीण नालोंगो १४ एप्रिल २०१४ रोजी सकाळी काटोच्या घरी वारली.