वाढत्या अंगाचा कॅलिपर

मी एक जुना कॅलिपर आहे. नाव ऐकून घाबरू नका, मित्रांनो. ज्या मुलाच्या पायात बळ कमी असतं, त्याचा पाय दोन्ही बाजूंनी धरून त्याला उभं करायचं, एवढंच माझं काम. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी एक बिजागरी आणि खाली बूट. वजन जेमतेम किलोभर.

माझा जन्म परळच्या एका गल्लीतला. तिथे ऑस्वाल्ड अंकल चाळीस वर्षं कॅलिपर बनवत आले आहेत. तेव्हा मी त्यांच्या टेबलावरची नुसती पट्टी होतो. एका सकाळी भोईवाड्यातली अक्षदा आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, पूर्वीला, कडेवर घेऊन आली. पूर्वीचा डावा पाय जन्मापासून अशक्त, आणि तिचा कॅलिपर पुन्हा आखूड झाला होता.

"आठ महिन्यांत? पोरगी वाढते, चांगलंच आहे ना," अंकल म्हणाले.

"चांगलंच आहे हो. पण नवा मिळेपर्यंत दीड महिना ती घरी बसते. एवढे खाडे! शाळेतल्या बाई विचारतात, पुन्हा पहिलीतच बसवायचं का?" अक्षदाचा आवाज बारीक झाला. "तिला कळतं सगळं. फक्त पाय वाढतो, त्याची शिक्षा."

सोबत शेजारच्या जाईबाई होत्या. त्या चाळीत शाळेचे गणवेश शिवतात. त्यांनी आखूड झालेला कॅलिपर उलटासुलटा करून पाहिला.

"काय ओ, ह्याच्यात दाबून कायच ठेवलं नाय तुम्ही?"

"म्हणजे?"

"मी फ्रॉक शिवते तर खाली चार बोटं दुमडून ठेवते. पोर वाढली की उसवायचं. वाढत्या अंगाचा करायचा ओ!"

"अहो बाई, हा काय फ्रॉक आहे?"

"मग काय फ्रॉकापेक्षा शाणा आहे?"

अंकल हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी मला उचलून उजेडात धरलं आणि हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं पायाचं माप घेतोय. वाढीचं माप कधी घेतलंच नाही."

त्यांच्याकडे सुमेधा नावाची डिझाइनची विद्यार्थिनी शिकायला यायची. तिने संगणकावर माझं चित्र काढलं. कुठे भोक पाडलं तर पट्टी कमजोर होईल, ते पडद्यावर लाल दिसायचं. माझी प्रत्येक पट्टी आता दोन तुकड्यांची झाली, एकावर एक सरकणारी, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर आठ भोकं असलेली. भोकांतून ते तुकडे जोडणारा स्क्रू मात्र तिने असा निवडला, की तो उघडायला खास पाना लागे. जाईबाईंनी लगेच विचारलं, "आणि तो पाना पोरांनी गटारात टाकला तर?" मग रुंद खाचेचा स्क्रू आला, रुपयाच्या नाण्याने फिरणारा. परळचे हात, चाळीतली अक्कल आणि संगणकाचा डोळा, सगळे माझ्यात एकत्र आले. मी स्वतःकडे बघतच राहिलो.

पण खरं नवल पुढे होतं. पूर्वीच्या पायाला मी रोज चिकटून असायचो. सकाळी चहा-चपाती, दुपारी वरणभात, मधेच जाईबाईंकडून आलेलं सुकट, आणि एवढ्यातून हाड तयार होत होतं! आवाज नाही, गडबड नाही. एका रविवारी पाहावं तर माझी बिजागरी तिच्या गुडघ्याच्या किंचित खाली राहिलेली. मग अंकलनी अक्षदाला दाखवत एक भोक पुढे सरकवलं, की झालं. त्या वर्षी कॅलिपरपायी एकही खाडा झाला नाही. पूर्वी दुसरीत गेली.

आणि जूनमध्ये घोटाळा झाला. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अक्षदाने, तुमच्याही आया करतात तोच विचार केला. "दोन भोकं पुढेच सोडून ठेवते. दिवाळीपर्यंत बघायला नको." माझी बिजागरी गुडघ्याच्या वर चढून बसली. मला ते कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? पूर्वी वर्गात बसायला गेली, मी एकीकडे वाकलो, गुडघा दुसरीकडे. ती बाकाशेजारी कोसळली. कपाळाला टेंगूळ आलं, मांडी सोलवटली.

अक्षदाने मला कपाटावर टाकलं. "मी नाही परत हात लावणार. पुन्हा चुकले तर?" चार दिवस पूर्वी खिडकीत बसून शाळेची घंटा ऐकत राहिली. पुन्हा खाडे.

पाचव्या दिवशी अंकल जिने चढून आले. मला खाली काढलं, पण नाणं अक्षदाच्या हातात दिलं.

"तुम्हीच करा ना," ती म्हणाली.

"मी रोज कुठे असणार? फ्रॉक ढगळ चालतो, बाई. हाडाला ढगळ चालत नाही. जागा उद्याची ठेवायची, माप आजचं."

अक्षदाने नाणं स्क्रूला लावलं. खाच दोनदा चुकली.

"आई, श्वास घे ना," पूर्वी म्हणाली.

जाईबाई दारातून ओरडल्या, "अगो, सुईत दोरा ओवतेस तसा धर!"

एक भोक मागे. अजून एक. बिजागरी गुडघ्याच्या बरोबर मध्यावर आली. पूर्वी उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेचे दोन जिने चढलो. हजेरीत तिचं नाव आलं, तेव्हा "हजर!" एवढ्या मोठ्याने ऐकू आलं, की बाईंच्या हातातला खडू पडला.

मित्रांनो, माझं आठवं भोकही पुढे संपलं. पूर्वी माझ्यात मावेनाशी झाली. मला वाटलं, आता भंगार. पण अंकलनी माझे पट्टे आणि बूट बदलले, पट्ट्या सरकवून मला पहिल्या भोकावर आणलं आणि पाच वर्षांच्या डॅरेनच्या पायाला बांधलं. वाढणं मला शिकवलेलंच होतं. पुन्हा लहान होता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्हाला अपुरी झालेली वस्तू टाकण्याआधी तिच्या आत थोडी जागा उरली आहे का, ते बघाल ना? आणि उद्या तुम्ही स्वतः काही बनवायला बसाल, तेव्हा वापरणाऱ्याला शेजारी बसवून घ्या. त्याला काय बोचतं, ते त्यालाच ठाऊक असतं.