दारावरची थाप

"बाबा, आपल्या घराची पाळी आली की बरोबर तुमचा खांदा दुखतो," मुलगी म्हणाली आणि तिने छिन्नी-हातोडा त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला.

गवंडीकाकांनी चहाच्या कपात तोंड लपवलं. आयुष्यभर लोकांच्या भिंतींच्या भेगा बुजवल्या आणि उतारवयात नगरपालिकेने त्यांना भिंती फोडायच्या कामाला लावलं! समुद्र हल्ली दर उधाणाला जुन्या वस्तीत शिरायचा. म्हणून ठरलं, की तळमजले पाण्याला सोडायचे, माणसांनी वर राहायचं. पुढच्या आणि मागच्या भिंतीला जमिनीलगत कमानी पाडायच्या, म्हणजे पाणी इकडून येईल, तिकडून जाईल, भिंतीला रेटणार नाही. काकांनी गल्लीभर कमानी पाडल्या. पोरं त्यांना भगदाडकाका म्हणायला लागली. डोळे पुसणाऱ्या बायकांची समजूतही तेच काढायचे, की अगं, पाण्याला वाट दिली की ते मुकाट जातं.

उरलं फक्त त्यांचं घर. इंजिनीअर बाई बजावून गेल्या होत्या, की अमावस्येच्या उधाणाआधी फोडा, आणि तरंगेल असं काही खाली ठेवू नका, कमान तुंबते. कोपऱ्यावरच्यांनी चालढकल केली, तर त्यांची भिंत मागच्या उधाणात बसली. आज अमावस्या. वरच्या मजल्यावर मुलगी होती, तिचं रांगतं बाळ होतं. काकांना सगळं कळत होतं.

पण खाली काकू होत्या.

मोठ्या वादळात त्या शिवणयंत्र आणायला म्हणून खाली गेल्या आणि लोंढा आत घुसला. जिन्याच्या पायथ्याचं दार पाण्याने दाबून धरलं. त्या आतून थापा मारत होत्या. काका जिन्यातून "आलो गं, आलो" म्हणत दाराला खांदा लावत होते. खांदा निखळला. दार हललं नाही.

तेव्हापासून उधाण आलं की त्या दारावर थाप पडायची. खालचा लाकडी बाक तरंगत येऊन धडकतो, हे काय काकांना ठाऊक नव्हतं? तरी ते जिन्यात जाऊन बसायचे आणि हळूच म्हणायचे, "आलो गं."

"मलाही ऐकू येते ती," मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "पण बाबा, उद्या मी आणि बाळ ढिगाऱ्याखाली गेलो, तर तुम्ही कुणाकुणाला 'आलो' म्हणणार?"

काकांनी कप खाली ठेवला. हातोडा उचलला.

दुपार कलेपर्यंत दोन्ही कमानी झाल्या. कडा त्यांनी अशा घासल्या, जणू तिथून कुणी अंग चोरून बाहेर पडणार होतं. मग बाक उचलून वर आणला. बाळ त्याला धरून उभं राहिलं, पहिल्यांदाच, आणि स्वतःवरच खूश होऊन हसलं.

संध्याकाळी पाणी आलं. पुढून शिरलं, रिकाम्या खोलीतून सरसरत गेलं, मागून निघालं. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होते. दारावर काही वाजलं नाही. वर मुलीने दिवा लावला, हाक मात्र मारली नाही.

बराच वेळ गेला. मग काकांनीच हात उचलला, आपल्या बाजूने दारावर हलकेच दोन थापा मारल्या आणि लाकडाला कान लावला.