मिठाची रेघ

नखाएवढी पांढरी रेघ, काळ्या चिखलाच्या लांबलचक कांडीत मधोमध, जणू कुणी चिमटीभर मीठ सांडून वर पुन्हा चिखल थापला... बल्कियाने बोट पुढे केलं, तशी राउशान ओरडली, "आपा, हात नको!"

"माझ्याच तळ्याचा चिखल, आणि मलाच हात नको म्हणे!"

शहरातली ही पोर गेल्या उन्हाळ्यापासून तळ्याच्या तळात नळी खुपसून गाळाच्या अशा कांड्या काढत होती. त्यात जुन्या फुलांचे पराग सापडतात, कधी काय उगवत होतं ते कळतं, असं तिचं म्हणणं. बल्कियाने ते हसण्यावारी नेलं होतं. पण आता तळं आटत चाललं, विहीर खारट झाली, आणि थोरला तुलेगेन रोज तेच — आई, थंडीआधी मेंढ्या विकू, शहरात जाऊ. तळं पुन्हा भरतं, एवढं या शिकलेलीने म्हटलं असतं तरी त्याचं तोंड बंद झालं असतं. म्हणून तर त्याला ओढत बल्किया राउशानच्या तंबूत आली होती.

"ही रेघ म्हणजे तळं आटलं तो काळ," राउशान म्हणाली. "नुसतं मीठ आणि रानदवणा. हिच्या खाली मात्र भूर्जाची झाडं होती, आपा. पाइनची होती."

"या उघड्याबोडक्या माळावर? काहीतरीच! घोडेवाल्या मामंजींपासून इथं गवतच—" सासरच्या पूर्वजांची नावं सून घेत नाही, म्हणून सातही पिढ्यांना तिने अशी आपली टोपणनावं दिली होती. "आमच्या सात पिढ्या यात कुठवर येतात गं?"

राउशानने वरून बोट सरकवत दाखवलं. वीतही भरली नाही. आणि कांडी तर तंबूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत...

तळ्याकाठचे ते गोल खड्डे — उभा जन्म मामंजींचे मेंढवाडे म्हणून पाहुण्यांना ताठ मानेने दाखवले — ती त्या झाडांच्या काळातल्या माणसांची घरं होती, असं राउशान सांगत होती. रेघेखाली त्यांच्या चुलींचा कोळसा. रेघेत काहीच नाही. रेघेवर पुन्हा कोळसा.

"परत आले! ऐकलंस रे?"

"आधी गेले ना, आई," तुलेगेन हळूच म्हणाला.

तोंडावर आलेली शिवी गिळून ती राउशानकडे वळली.

"तेच आले, की दुसरे?"

"ते चिखल सांगत नाही, आपा."

ती बाहेर आली. वाऱ्यावर गवताचे पराग, चहाच्या समोवाराचा धूर, सगळं पाण्यावर उतरत होतं, मुकाट तळाशी जात होतं. तेव्हाही कुणी माझ्यासारखी हट्टी इथं उभी असेल... झाडांनी भरलेलं रान तिला कायमचंच वाटलं असेल, मला गवत वाटतं तसं... ती गेली, तेव्हा हरली म्हणायची का?

"मग, काय ठरवतेस?" तुलेगेन मागून म्हणाला.

"गप. बघू दे जरा."

आणि उंबऱ्यात नवी सून उभी राहावी, तशी ती डोक्यावरचा रुमाल सारखा करून तळ्यासमोर उभी राहिली; कुणाच्या घरी आलो आहोत, ते अजून कुणी सांगितलेलं नसावं, तशी.