बातिनची कोरडी नदी

"सामान काढा. सगळं," वाट दाखवणारा म्हातारा बदू अरबीत म्हणाला आणि त्यानं गाडीच्या टपावर थाप मारली.

मागची चाकं वाळूत निम्मी गडप झाली होती. उदय घामानं निथळत पुन्हा पुन्हा गाडी रेटत होता आणि गाडी आणखीच खाली बसत होती. म्हाताऱ्याच्या पिकअपमागून गेलं की इराकी चौक्या टळतात आणि सौदीची हद्द गाठता येते, एवढ्या भरवशावर उदय आणि त्याची बायको नीला पहाटे कुवेत शहरातून निघाले होते.

"पण आपण रुतलो कशात?" उदयनं मोडक्या अरबीत विचारलं.

"नदीत."

नीलाला तशातही हसू आलं. ती चिपळूणची, वाशिष्ठीच्या काठची. नदी काय असते हे तिला कुणी शिकवायला नको. इथं नजर जाईल तिथवर पिवळट वाळू आणि दोन्ही अंगांना बसक्या दरडी. म्हाताऱ्याला ते हसू झोंबलं. हात लांबवून तो समजावू लागला. ही बातिनची नदी. ती सौदीतून उतरते, हद्द ओलांडून इकडे येते आणि पुढे कुवेत नि इराक यांच्यामधली हद्द स्वतःच होते. पाऊस झालाच तर वाहते, एरवी अशीच पडून असते.

"आपण तिच्या उलटे, चढाकडे चाललोय," तो म्हणाला. "म्हणून ओझं नको."

व्हीसीआर निघाला. मिक्सर निघाला. जपानी डिनर सेट निघाला. त्यात जेवणारे पाहुणे अजून यायचेच होते. साड्यांची बॅग उदयनं ओढून दरडीपाशी टाकली. एकेक वस्तू निघत होती तशी मागची सीट उघडी पडत होती आणि नीलाची नजर तिकडे जायला तयार नव्हती.

पहाटे निघताना जिन्यापाशी बिल्कीस उभी होती, हातात कापडी पिशवी घेऊन. ती खालच्या मजल्यावर राहायची, नीला नर्स होती त्याच दवाखान्यात आया होती. नवरा उस्मान सुट्टीवर रत्नागिरीला गेला आणि इकडे कुवेतात इराकी लष्कर येऊन बसलं. बाई एकटी.

"नीला, मला पण न्हे गो. पिशवी मांडीवर घेईन. पाय पण पसरणार नाय."

"कुठं बसवू गं? बघ ना, मुंगी शिरायला जागा नाही."

उदय समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिला. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

बिल्कीसनं गाडीत डोकावून बघितलं आणि मान हलवली. मग म्हणाली, "थांब, दार लागत नाय तुझं." मिक्सरचा खोका तिनंच आत ढकलला आणि दार लावून दिलं.

हलकी झालेली गाडी दोन हिसक्यांत वाळूतून वर आली.

"परत जाऊया का?" नीला म्हणाली.

"वेडी आहेस? कसेबसे सुटलोय."

तिनं पुन्हा विचारलं नाही. उदय काय म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणूनच तर विचारलं होतं.

पुढच्या वर्षी दवाखाना पुन्हा सुरू झाला आणि नीला परतली, तेव्हा तेलविहिरींचा धूर अजून आभाळात होता. बिल्कीस वॉर्डातच भेटली. हाडं वर आलेली, केस पांढरे. सगळी लढाई तिनं तिथंच काढली होती, खबूस रोटीच्या रांगेत उभं राहून आणि रोग्यांच्या चादरी धुऊन.

"आल्या बघा पळपुट्या!" शहरबानू सिस्टरनं टोमणा मारला. "आम्ही इथं मरत होतो, आणि ह्यांनी मागं वळून बघितलं नाही."

नीला काही बोलणार तोच बिल्कीस पुढे झाली.

"गप गो! तिला कशाला बोलतेस? ती काय मला टाकून गेली? गाडीत मुंगीला पण जागा नव्हती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रडवेली झाली होती बिचारी." आणि नीलाकडे वळून म्हणाली, "तू नको मनाला लावून घेऊ."

'सामान होतं गं, नुसतं सामान,' हे शब्द नीलाच्या ओठांपर्यंत आले.

"हो," ती म्हणाली.

आणि समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या अरब बाईचा रक्तदाब घ्यायला वाकली. दंडाला पट्टा बांधला, नळ्या कानांत घातल्या आणि फुगा दाबत राहिली. काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून आणखी दाबला. म्हातारी कळवळून काहीतरी म्हणाली. नीला दाबतच होती. शेवटी म्हातारीनं दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं, तेव्हा कुठं तिनं हवा सोडली.