नावांचा दगड

मी एक जुना मैलाचा दगड आहे. माझा स्वभाव संशयी, हे आधीच सांगून टाकतो. दुर्ग-रायपूर रस्त्यावर मी उन्हातान्हात उभा राहून वाटसरूंना वाट सांगितली. मग भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, रस्ता रुंद झाला, मैल जाऊन किलोमीटर आले आणि मला उपटून पावर हाउसजवळ फेकून दिलं. गरज सरो, वैद्य मरो! तेव्हापासून कुणी जवळ आलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

बासष्टच्या निवडणुकीनंतर कामगार वस्तीतल्या बाया मला न्यायला आल्या. मला वाटलं, कपडे आपटायला नेत असणार. पण त्यांना स्मारक उभारायचं होतं. पहिल्या निवडणुकीत, भंडाऱ्याकडच्या आपल्या गावात, त्यांनी रिवाजाप्रमाणे 'अमक्याची बायको', 'तमक्याची माय' एवढंच सांगितलं होतं. म्हणून यादीतून नावं कटली आणि मत गेलं. या वेळी सगळ्यांत म्हातारी, नत्थूची माय, घरोघर फिरली आणि एकेकीला स्वतःचं नाव सांगायला लावलं. त्या लढ्याचं हे स्मारक.

कारखान्यात नकाशे काढणारे श्यामराव मशालवाल्या बाईचं चित्र घेऊन आले. त्या बायांतल्या सिंधुताईंनी ते उलटसुलट पाहिलं. त्यांचा संशय माझ्याहून तिखट. चित्र नको, आमची नावं कोरा, असं त्यांनी बजावलं. श्यामरावांनी माझ्यावर खडूनं नावं लिहिली. सगळ्यांत वर, मानानं, 'नत्थूची माय'. धोंडबा पाथरवटानं छिन्नी टेकवली. मी धास्तावलो.

"थांबा," सिंधुताई म्हणाल्या. "याच नावानं तं मत गेलं होतं. माय, तुमचं नाव काय?"

म्हातारीनं उलट विचारलं, "मायरचं सांगू का सासरचं? लग्नात बदललं होतं. यादीत सासरचं देल्लं, पन त्या नावानं मले कोनी कधी बलावलं नाही."

"मंग मायरचं सांगा."

ते तिनं इतक्या हळू सांगितलं की धोंडबाला पुन्हा विचारावं लागलं. छिन्नीचे घाव मला दुखले, पण त्या दिवशी मला कुणाचाच संशय आला नाही.

संध्याकाळी पाळी संपवून नत्थू आला. त्यानं पहिलीच ओळ वाचली आणि आईला विचारलं, "माय, हे पारबता कोन आहे?"

"मीच ना रे, बाबू."

मित्रांनो, मला हार घालू नका, रंगही लावू नका. मला फक्त एक दाट संशय आहे. तुमच्या आजीचं माहेरचं नाव तुम्हालाही ठाऊक नसणार. ती आहे तोवर तिला विचारून घ्या.