ग्रीत किनाऱ्यावर एकटी

"हल्ली नाड्याच आखूड देतात. चोर सगळे," गेर्बेन दारातल्या बाकावर बसून बुटांशी पुटपुटत होता. मी शेजारीच मोज्यांच्या जोड्या लावत होते. नाड्या होत्या तेवढ्याच होत्या. वाकलं की माझ्या नवऱ्याला धाप लागते, पण तो विषय आमच्या घरात निघत नाही.

वसंतात त्याचं हृदय बंद पडता पडता राहिलं. वाऱ्यात वाळूची टेकडी चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आज रेडिओ वादळाचा इशारा देत होता आणि टेकडीपलीकडे ग्रीत एकटी होती.

ग्रीत म्हणजे त्यानं बांबू आणि होडीच्या जुन्या शिडांचं केलेलं बारा पायांचं धूड. वारा भरला की आपली आपण वाळूवर चालते. पहिल्यांदा चालली तेव्हा मी गंमत म्हणून शेजाऱ्यांना कुरकुरीत टोस्टवर बडीशेपेच्या साखरगोळ्या घालून दिल्या. आमच्या बेटावर हे बाळ जन्मल्यावरच देतात. सगळ्यांनी खाल्लं, गेर्बेनचं अभिनंदन केलं, आणि तेव्हापासून तिला वस्तू म्हणायची कुणाची छाती होत नाही. माझंच शहाणपण.

शेजारचा दुर्क त्याला अडवायला म्हणून आला आणि वाद घालत बसला. जिला पिल्लं होत नाहीत ती जिवंत कसली, म्हणाला.

"तुला तरी कुठं झालीत?" गेर्बेन म्हणाला.

दुर्क हसला. मग ट्रॅक्टरनं ओढून आणतो म्हणाला. गेर्बेनला ते पटेना, तिचे गुडघे निखळतील म्हणे. मी कॉफी पुन्हा भरली. वाद असाच लांबावा आणि तेवढ्यात भरतीनं तिला नेऊन टाकावं, असं मला मनापासून वाटत होतं. खिडकीची काच थरथरायला लागली. गेर्बेन उठला. ओठ निळसर दिसत होते. दुर्कनंही पाहिलं आणि कपात बघत बसला.

मी दारात आडवी उभी राहिले.

"ती जिवंत नाहीये, गेर्बेन. बांबू आहेत नुसते."

त्यानं टोपी कानांवर ओढली.

"मीच बांधलेत ना ते, हिस्के. मला माहीत नसेल? पण मरण आता जवळ आलंय माझं. ते तिच्यामागं चालताना यावं. त्या खुर्चीत, तू माझा श्वास मोजत बसलेली असताना नको."