इंग्रजीतला घेराव

दादरच्या एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांचे ठोकळे लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, खेळणारे जमतात. गंगाधर सबनीस त्यांच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. परळच्या एका गिरणीत ते लेबर ऑफिसर होते. गिरणी गेली, तिथे टॉवर आला, पण सबनीसांचं इंग्रजी जसंच्या तसं राहिलं. क्लबात मात्र त्या इंग्रजीला कोणी विचारत नव्हतं. ते विचार करून एखादा घरंदाज शब्द लावायचे आणि समोरचा दोन-तीन अक्षरांचं काहीतरी चमत्कारिक ठेवून पुढे जायचा.

त्यांना सगळ्यात जास्त हरवायची ती पूर्वी नावाची मुलगी. राहायला लालबागला, नोकरी लोअर परळच्या एका कंपनीत. जाता-येता मोबाइलवर शब्द पाठ करायची. अर्थ नाही, नुसती स्पेलिंगं. एकदा तिने सी, डब्ल्यू, एम असे तीन ठोकळे ठेवले.

"यात स्वर कुठेय?" सबनीसांनी विचारलं.

"लागत नाही, काका."

"पण म्हणजे काय?"

"काय माहीत. चालतो."

सबनीसांनी घरी जाऊन शोधलं. डोंगराच्या कुशीतली खोलगट दरी, वेल्सकडची. पुढच्या रविवारी तिने 'झॅक्स' लावला. ते निघालं छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार. ज्याची ओळखदेख नाही त्याला लग्नाला नेऊन थेट पंगतीत बसवावं, तसं सबनीसांना हे वाटे. शेवटी त्यांनी क्लबची सेक्रेटरी दर्शना हिच्या मागे लागून एक नियम करून घेतला. जो शब्द लावेल त्याने अर्थ सांगायचा. सांगता आला नाही तर गुण निम्मे.

परिणाम लगेच दिसला. हॉलमध्ये ऑस्ट्रेलियातले पक्षी आणि स्कॉटलंडमधली जुनी नाणी यांचा सुळसुळाट झाला. माहीत नसलेला जवळजवळ प्रत्येक शब्द या दोहोंपैकी काहीतरी असायचा आणि प्रत्येकाच्या वेळेचं घड्याळ चालू असताना खरंखोटं करायला कोणाला सवड नसायची. सबनीस तेवढे प्रामाणिकपणे खरे अर्थ सांगत राहिले आणि हरत राहिले.

अशाच एका रविवारी पूर्वी सबनीसांच्या पुढे होती, पण तिच्या घड्याळात फार वेळ उरला नव्हता. तिने भराभर सहा ठोकळे मांडले. जी, एच, ई, आर, ए, ओ.

"जेराओ," ती म्हणाली. "आफ्रिकेतलं हरीण."

सबनीसांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"हरीण? अगं, घेराव आहे हा!"

"म्हणजे शब्द बरोबर आहे ना?"

"शब्द बरोबर आहे. इंग्रजी नाही. आमच्या क्लार्कने रिपोर्टात घातला होता, मी स्वतः खोडून 'राँगफुल कन्फाइनमेंट' केलं होतं. दर्शना, माझं चॅलेंज."

दर्शनाने टॅबवर शब्द टाकला. पडदा हिरवा झाला. इंग्रजीने हा शब्द कधीच दत्तक घेतला होता. तिने अर्थही वाचून दाखवला, मागण्या मान्य होईपर्यंत मालकाला किंवा अधिकाऱ्याला वेढून बाहेर जाऊ न देणे. मग म्हणाली, "चॅलेंज फुकट गेलं. काकांची पाळी गेली. पूर्वी, खेळ तू. आणि हरणाचे गुण निम्मे."

तिने पूर्वीच्या बाजूचं घड्याळ सुरू केलं. सबनीस मात्र बोर्डाकडेच बघत होते.

"एवढाच अर्थ?" ते म्हणाले.

"अजून काय असतं काका त्यात?" पूर्वीने विचारलं. तिचा हात ठोकळ्यांवर होता, तो तिथेच राहिला.

"मला घातला होता ना. गणपतीचे दिवस होते. बोनस मागत होते. बोनस द्यायचा अधिकार मला नव्हता, तो ज्याला होता तो घरी बसलेला. हे त्यांनाही ठाऊक होतं. पण घरी कसा घेराव घालणार? म्हणून मला. माझ्या केबिनमध्ये माणूसच माणूस. शिव्या नाहीत, काही नाही. नुसते बसलेले. मला वाटलं, आज काही आपण घरी जात नाही."

"मारलं?"

"छे गं. भिवा म्हणून एक जॉबर होता, मुकादमच म्हण, मालवणकडचा, तो मला चहा आणून देत होता. मग त्यांच्या मागण्यांचा कागद माझ्यापुढे आला. इंग्रजीत लिहिलेला. इतक्या चुका! मला राहवेना. मी पेन काढून दुरुस्त करत बसलो."

"तुमच्याविरुद्धचा कागद?"

"व्याकरणाला बाजू नसते. मान खाली घालून तासभर तरी करत होतो. वर बघतो तर केबिनमध्ये मी एकटा."

पूर्वी हसायला लागली. "गेले कुठे?"

"मला वाटलं, डाव आहे. दाराबाहेर टपून बसले असतील. मी जागचा हललो नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग भिवाने दारातून डोकं आत घातलं. 'सायबांनू, तुमी अजून हयच? आरती सुरू झाली, चला!'"

शेजारच्या टेबलावरचेही आता हसत होते. पूर्वीने डोळे पुसले. "माझे आजोबाही गिरणीत होते, काका. कुठल्या ते विचारते बाबांना."

तेवढ्यात तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं. वेळ केव्हाच संपून वर काही मिनिटं गेली होती. दर्शनाने जादा मिनिटांचे गुण कापले आणि घाईघाईने उरकलेला डाव मोजला तर सबनीस जिंकले होते. पूर्वीविरुद्ध पहिल्यांदाच.

"हा विजय धरू नकोस," सबनीस म्हणाले. "मी तिला बोलण्यात गुंतवली."

"गोष्ट सांगू नये असा नियम नाहीये, काका," दर्शनाने निकाल लिहून टाकला.

पुढच्या रविवारी सबनीसांनी आपणहून अर्थाचा नियम मागे घेतला. कोणी हरकत घेतली नाही. पूर्वीचे आजोबा दुसऱ्याच गिरणीतले निघाले होते. ती थोडी हिरमुसली, पण सबनीसांना दोन अक्षरी शब्द शिकवायला बसली.

"क्यू, आय. म्हणा."

"क्यू, आय. म्हणजे काय?"

"काका, विचारायचं नाही. पाठ करायचं."

"बरं," सबनीस म्हणाले आणि पुढच्या शब्दाला परत विचारलं.